डाव्या बरगडीखाली

राजूर, तालुका अकोले
१२ नोव्हेंबर १९४५

दीना हिला सलाम.

नऊ वर्षांनी माझे अक्षर पाहून कोणी गेले असे समजू नकोस. कोणी गेलेले नाही. एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाकडे नाही.

आई गेली तेव्हा तिच्या पोटात डाव्या बाजूला, बरगडीखाली, काही कठीण हाताला लागत होते का? मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होते आणि परीक्षेमुळे पाच दिवस उशिरा पोहोचले, हे तू मला पुष्कळदा ऐकवले आहेस. शेवटी तिला न्हाऊ घालायचीस ती तूच. तेरा वर्षांची होतीस, पण तुझी नजर चांगली होती. मुका मार लागल्यासारखे निळे डाग तिच्या अंगावर उठत होते का, हिरड्यांतून रक्त येत होते का, तेही आठवून लिही. बाबांचे मला ठाऊक आहे. ते शेवटच्या आठवड्यापर्यंत मिशनच्या देवळात कीर्तन करत होते आणि कीर्तनानंतर दोन भाकरी खात होते.

नगरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले आहे. डॉक्टर लोकांना अशा चौकशा लागतात. त्यात विशेष काही नाही.

शाळा नीट चालली आहे. बोर्डिंगात यंदा एकतीस मुली आहेत. भात कापून झाले. रॉकेल मिळत नाही म्हणून मुली उजेडातच अभ्यास उरकतात. युद्धाने केलेली ही एकच चांगली गोष्ट.

मागचे उकरून काढायला हे पत्र नाही. तू आपल्या जागी, मी माझ्या. सोबत पत्ता लिहिलेले कोरे कार्ड आहे, त्यावर उत्तर पाठव.

डेव्हिड यांना सलाम. तुझी रोझी आता चौदा वर्षांची असेल.

दया शमुवेल मकासरे


राजूर
२९ नोव्हेंबर १९४५

प्रिय दीना,

कार्ड मिळाले. "आईला गाठ नव्हती. डाग नव्हते. तापाने गेली. तुला काय झाले आहे?" पहिल्या तीन वाक्यांबद्दल आभारी आहे. चौथे तू विचारू नयेस अशी माझी इच्छा होती. पण विचारलेस, आणि मी खोटे लिहीत नाही. गाळते, ते वेगळे.

मला ल्युकेमिया नावाचा आजार आहे. रक्ताचा कॅन्सर म्हण. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाटेल तशा वाढतात, तांबड्यांना जागा उरत नाही, आणि पाणथरी, म्हणजे डॉक्टरांची प्लीहा, सुजून पोटात दगडासारखी होते.

आता माझी चूक ऐक. तुला बरे वाटेल. या डोंगरात पाणथरी वाढणे म्हणजे सर्दी होण्यासारखे आहे. धरणाच्या बाजूच्या गावांतून येणाऱ्या दहा मुलींत सहाजणींची हिवतापाने वाढलेली असते. वीस वर्षे मी दर शनिवारी मुलींना ओळीने निजवते, पोटाला हात लावून पाहते आणि क्विनाइन पाजते. त्यामुळे फेब्रुवारीत माझ्याच बरगडीखाली कठीण लागले तेव्हा मी विचार केलाच नाही. मी स्वतःला ओळीत घातले, एवढेच. जपान्यांनी जावा घेतल्यापासून क्विनाइन दुर्मीळ झाले आहे, त्याऐवजी सरकारातून पिवळ्या गोळ्या येतात. त्या मी आठ महिने खाल्ल्या. ताप एक दिवस नव्हता, तरी खाल्ल्या. त्यांनी माणूस पिवळा होतो. ऑगस्टपर्यंत माझे हात, गाल, डोळ्यांचे कोपरे सगळे पिवळे. कडूबाई (ती अजून बोर्डिंगाचा स्वयंपाक करते) भर जेवणघरात म्हणाली, "बाईस्नी पन्नाशीत हळद लागली. आता नवरा कुटं लपीवलाय त्यो तरी दावा." मी तिच्यावर ओरडले. सातवीच्या मुली ताटात तोंडे घालून हसत होत्या.

ऑक्टोबरात एक दाढ पडली आणि रक्त दीड दिवस थांबेना, तेव्हा नगरला गेले. डॉक्टरीणबाईंनी बोटातून थेंब काढून काचेवर पसरला. बराच वेळ नळीतून पाहत राहिल्या. मी म्हटले, मला दाखवा. त्यांनी दाखवले. समजण्यासारखे काही नव्हते, पण फार गर्दी होती हे मलाही दिसले.

"किती वेळ आहे?" मी विचारले.

"तीन वर्षे धरा. कोणी पाचही काढतात. तुम्ही हट्टी दिसता."

"यंदाच्या पाचवीतल्या मुली सातवीच्या फायनलला बसेपर्यंत?"

"तेवढे नक्की."

मी आभार मानून बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. मोटारीला वेळ होता. पिशवीत चौथीच्या गणिताच्या वह्या होत्या, त्या तांबड्या पेन्सिलीने तपासल्या. राजूरला आल्यावर पाहिले तर बरोबर आलेली नऊ गणिते मी चूक ठरवली होती. मुलींपैकी एकीनेही तक्रार केली नाही. बाईंनी चूक म्हटले म्हणजे चूक. त्या नऊ फुल्या पाहून मला जेवढी भीती वाटली तेवढी डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याने वाटली नव्हती. एकदा लिहिले, आता पुन्हा लिहिणार नाही.

तू येऊ नकोस. मी कोणाला सांगितलेले नाही.

दया


राजूर
१६ डिसेंबर १९४५

प्रिय दीना,

तुझे उत्तर नाही. मी लिहिणार. तू वाचायचे की चुलीत घालायचे ते ठरव.

कडूबाईला कळले. डॉक्टरीणबाईंनी रोज मोजून घ्यायला सोमलाचे थेंब दिले आहेत. सोमल म्हणजे तोच, उंदरांसाठी आणतात तो, पाण्यात उतरवलेला. मुलींनी चुकून हात लावू नये म्हणून मी बाटलीवर कवटी काढून ती फडताळात उंच ठेवली. दुपारी कडूबाई येऊन माझ्या दारात बसली.

"बाई, इख पिताय म्हनं."

"औषध आहे ते."

"इखाला औशीद म्हनायचं म्हंजी मानूस लई शिकलेलं लागतं. काय झालंय तुमाला?"

मग सांगितले. रक्त बिघडले आहे, पाणथरी वाढली आहे, बरे होणारे दुखणे नाही. ती थोडा वेळ जमिनीवर बोटाने रेघा काढत बसली.

"पानथरीच ना? मंग मरायच्या गोष्टी कशाला काढताय? तापल्या इळ्याचा डाग घ्या."

"कडूबाई."

"सासू न्हाई ऱ्हायली, पर तिचा हात माज्यात उतरलाय. तीन डाग. डोळं मिटून उगडुस्तोवर हुतंय."

"वीस वर्षे मी या शाळेत काय शिकवते आहे?"

"शिकिवता की. म्हनून तर तुमची येवढी वाडली."

मला हसू आले, दीना. हसताना डाव्या बाजूला दुखले, तरी आले. तेवढ्यावरून तिने ठरवले की मी निम्मी कबूल झाले, आणि आता रोज सकाळी "आज का उद्या?" असे विचारते.

हे तुला लिहावे की नाही यावर मी तीन दिवस घालवले. तुझ्यासमोर त्या विळ्याचे नाव काढायचा मला अधिकार नाही. पण नाव न काढता पत्र लिहिणे म्हणजे मधला खांब सोडून घर सारवणे.

छत्तीस साली तू रोझीला घेऊन इथे आलीस, ती तापाने फणफणली, आणि मी त्याच वेळी दोन दिवस भंडारदऱ्याकडच्या शाळा पाहायला गेले होते. परत आले तेव्हा पोरीच्या पोटावर डाव्या बाजूला तीन डाग होते. कडूबाईची सासू चांगुणा हिने विळ्याचे टोक तापवून दिलेले. कडूबाईने पोरीचे हात धरलेले. तू पदर तोंडात कोंबून शेजारी बसलेली. मी सगळ्या मास्तरणींसमोर तुला म्हटले की तू आई व्हायच्या लायकीची नाहीस. ते मी मागे घेते. पाच वर्षांची पोर डोळ्यांदेखत जाते आहे असे वाटल्यावर आई काय करील हे ठरवायला मी कधी आई नव्हते.

आणखी एक. कडूबाईला मी ठेवले आणि तुला घालवले. ती अडाणी म्हणून सुटली, तू सातवी पास म्हणून अडकलीस. शिवाय तिच्यासारखा भात दुसऱ्या कोणाला शिजवता येत नव्हता. हेही कारण होते, तेव्हा लिहून ठेवते.

माझ्याकडे मागे घ्यायला पुष्कळ वेळ आहे असे मी धरून चालले होते. आता तसे धरत नाही, आणि नवल म्हणजे त्याने जड वाटत नाही. पूर्वी मी उठले की पुढच्या जूनचा विचार करायची. आता उठते, दूध न घातलेला चहा पिते आणि व्हरांड्यात उन्हाची तिरीप येते तिथे खुर्ची ओढते. काल प्रार्थनेच्या घंटेपर्यंत मी नुसती बसले होते. मुली पायरीवरून चोरट्या नजरेने पाहत होत्या, बाईंना झाले काय म्हणून. काही झाले नव्हते. ऊन चांगले होते.

नाताळानंतर मुंबईला जाते आहे. तिथे पाणथरीवर विजेचे किरण सोडतात. आजार जात नाही, पण वर्षभर बरे जाते म्हणतात.

दया


मुंबई
१९ जानेवारी १९४६

प्रिय दीना,

खाटेवर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडे आहे. दिवसाआड किरण देतात. माझ्या पोटावर जांभळ्या शाईने चौकोन आखला आहे, चारही कोन अचूक काटकोन. आखणाऱ्या माणसाला मी तसे सांगितले. तो म्हणाला, असे आजवर कोणी म्हटले नव्हते. यंत्र गिरणीसारखे घरघरते. दुखत काही नाही. नंतर मळमळते आणि जेवण नको होते.

परवा मोठे डॉक्टर बारा विद्यार्थी घेऊन आले. मला इंग्रजी येते हे त्यांना कोणी सांगितले नसावे. त्यांनी चादर काढली आणि मुलांना म्हटले, नीट हाताने पाहून घ्या, इतकी मोठी पुन्हा लवकर मिळणार नाही. मग एकामागून एक बारा हात. त्यातले दोन फार गार. एकाने जोरात दाबले, त्याला डॉक्टरांनी शाबासकी दिली. कोणी वाईट बोलले नाही. काम झाल्यावर ते पुढच्या खाटेकडे गेले आणि चादर पायाशीच राहिली. माझा हात तिथवर पोहोचत नव्हता.

मी मनात एकोणतीसचा पाढा म्हटला. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टपर्यंत गेले तेव्हा एका नर्सने येऊन चादर ओढली.

त्यांची तक्रार करत नाही. शिकवायचे तर दाखवावे लागते, हे वाक्य माझेच आहे. मी ते कुठे म्हटले होते ते तुला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी तुला बोलले ते मागे घेतले. त्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. ती इथे, चार माणसांच्या मध्ये, लिहवत नाही. राजूरला गेल्यावर लिहीन.

दया


राजूर
१० फेब्रुवारी १९४६

प्रिय दीना,

परत येऊन आठ दिवस झाले. पाणथरी निम्मीवर आली आहे. पेशीही उतरल्या. मोटारतळापासून शाळेपर्यंत चालत आले. मुलींनी दारात तोरण लावले होते. ते वाकडे होते, पण मी काढायला लावले नाही.

गाळलेली गोष्ट लिहायची आहे. त्याआधी कडूबाईचे लिहिते, कारण तिच्यामुळे लिहिणे सोपे झाले.

अशक्तपणामुळे पहिल्या दिवशी तिने मला न्हाणीत पाणी घातले. किरणांनी कातडी भाजते. माझ्या डाव्या कुशीवर तळहाताएवढा काळपट चौकोन उठला आहे. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"ह्ये काय?"

"किरणे दिली. विजेची."

"भाजलं म्हना की."

"त्याने कातडी काळवंडते."

"बाई, डाग हाय ह्यो." तिने वाकून पाहिले. "आमची सासू तीन बारकं बारकं द्यायची, चिंचोक्यायेवढं. मुंबैवाल्यानं तर पाटच टेकिवला."

"पाणी घाल."

"पानथरी कुटं हाय आता?"

"निम्मी झाली."

"डागानंच गेली ना?"

"किरणांनी गेली."

"व्हय, व्हय. किरनांनी." तिने पाणी घातले. "आमी वीस वर्सं बोलनी खाल्ली नि शेवटाला मुंबैला जाऊन लपून डाग घेतला. हितं घेतला आस्ता तर मोटारीचं भाडं तरी वाचलं आस्तं."

मी तिला समजावून सांगायला लागले की किरण मोजून देतात, पेशी काचेवर मोजतात, विळा आणि यंत्र यांत फरक आहे. फरक आहेच, दीना, आणि मी तो मुलींना मरेपर्यंत शिकवीन. पण अंगावर ओले लुगडे, कुशीवर तो चौकोन, आणि हातात साबण अशा स्थितीत तो सांगता येईना. तिने जिंकले आणि मोठ्या मनाने मला पाठ चोळून दिली.

बाजाराच्या दिवसापर्यंत ही बातमी सगळीकडे पोहोचली. शाळेवाल्या बाईने डाग घेतला. मी वाटाणे निवडत होते तर चांगुणाच्या माहेरची एक म्हातारी जवळ आली, माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "बाई, दावा ना जरा. कसा देत्यात मुंबैत?" चार बायका भोवती सरकल्या.

मी म्हटले, "नको, आजी."

"बरं," म्हणाली, आणि मनगट सोडून लसणाचा भाव विचारायला गेली.

मी नको म्हटले आणि तिने ऐकले. रोझीनेही नको म्हटले होते.

आता लिहिते. मी तुला बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, तू मोटारीची चौकशी करायला गेली होतीस. मी रोझीला उचलून स्टुलावर उभे केले. समोर सगळी शाळा. तिचा झगा वर केला आणि म्हटले, अज्ञान म्हणजे काय ते पाहून घ्या, शिकवायचे तर दाखवावे लागते. पोरीने झगा खाली ओढला. "नको ना, मावशी," म्हणाली. मी तिचे हात बाजूला केले आणि झगा पुन्हा वर केला. मागच्या ओळीतल्या मुलींना दिसत नव्हते म्हणून स्टूल पुढे घ्यायला लावले. पोर वर असताना. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती, कारण धरायला दुसरे कोणी नव्हते.

तू दारात आलीस. तिला खाली उतरवलेस आणि गेलीस.

नऊ वर्षे मी लोकांना सांगत आले की बहीण डागाच्या भांडणावरून गेली. ऐकणाऱ्यांना पटायचे, मलाही पटायला लागले होते. माझ्या बोलण्यावरूनही तू गेली नसतीस. मोठी बहीण म्हणून तेवढे तू पूर्वी पुष्कळ ऐकून घेतले होतेस. तू स्टुलामुळे गेलीस.

दोन दिवसांत दोघींनी त्या पोरीचे हात धरले. कडूबाईने ती जगावी म्हणून धरले. मी धडा नीट दिसावा म्हणून धरले. तिसऱ्या दिवशी ताप उतरू लागला तो माझ्या क्विनाइनने की त्यांच्या विळ्याने, यावर मी आणि कडूबाई अजून भांडतो. मी म्हणते क्विनाइनने. पण पोर बरी झाली या आनंदात तिच्या आईला भागी होता आले नाही, ते माझ्यामुळे. आणि तू मोटारीत बसलीस तेव्हा तो तापही पुरता उतरला नव्हता. तिला क्विनाइनची पुडी मी हमालाच्या हाती पाठवली. स्वतः आले नाही.

सोबत रोझीच्या नावाची चिठ्ठी आहे. पाच ओळी आहेत. तू वाच. तिला द्यायची की नाही ते तू ठरव. नाही दिलीस तर मी पुन्हा विचारणार नाही.

मी बरी आहे. खरे तर आनंदात आहे, आणि हे असे लिहिताना संकोच वाटतो, जणू कोणाचे तरी घेतले आहे. जेवण गोड लागते. धाकट्या मास्तरीणबाईंना मी सातवीचा वर्ग दिला आणि स्वतः पहिलीला घेतले. पहिलीच्या मुली गोष्ट मध्येच तोडून दुसरीच काहीतरी सांगू लागतात. पूर्वी मी गप्प करायची. आता ऐकते. एकीच्या शेळीला तीन करडे झाली आहेत आणि तिसऱ्याचा कान मुडपलेला आहे. मी पाहायला जाणार आहे.

दया


राजूर
९ मार्च १९४६

प्रिय रोझी,

तुझे पत्र काल आले. चुका मोजल्या नाहीत. मोजल्या. तीन आहेत. कुठल्या ते सांगणार नाही.

तू लिहितेस की डाग दिलेला तुला आठवत नाही, पण स्टूल आठवते. ते हलत होते, तेही आठवते. हो, त्याचा एक पाय आखूड होता. मला ठाऊक होते.

तू विचारतेस, "आई म्हणते, मावशी मरणार आहे म्हणून माफी मागते. खरे का?" आईचे बरोबर आहे. दुखणे आले नसते तर मागितली असती का, याचे उत्तर मी कालपासून शोधते आहे. बहुधा मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिले असते आणि तू लग्न करून कुठेतरी दूर गेली असतीस. हे चांगले उत्तर नाही. खरे आहे.

माफ करायचे की नाही ते तू अजून ठरवलेले नाहीस, मे महिन्यात इथे येऊन पाहून ठरवणार आहेस. योग्य आहे. पाहिल्याशिवाय ठरवू नये. पाहूनही नाही ठरले तर जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी सांगितलेच पाहिजे असे काही नाही. मला घाई नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यात पुन्हा काच पाहिली. ती तीन वर्षे त्या आता हसत देतात.

कडूबाईला तू येणार म्हणून सांगितले. ती म्हणाली, "त्या पोरीचं हात धरल्यालं माज्या हातास्नी अजून आठवतंय. लई जोर हुता तिच्यात." तुला तिच्यासमोर जायचे नसेल तर सांग. ती तेवढे दिवस भावाकडे जाईल. ते तिनेच सुचवले, मी नाही.

तुझ्या पत्राखाली तुझ्या आईने एक ओळ लिहिली आहे, शाई वेगळी आहे. "ती एकटी येणार नाही. मोटारीच्या वेळा कळव." ती ओळ मी शाळेत नेली, घरी आणली आणि आत्ता समोर ठेवली आहे. तर वेळा. राहुरीहून सकाळची मोटार धरून संगमनेरला या. तिथे जेवून घ्या, पुढे चांगले मिळत नाही. अकोल्याहून राजूरची मोटार दुपारी दोनला सुटते, म्हणजे अडीचला. डाव्या बाजूला बसा, उजवीकडे ऊन येते. पाणी बरोबर ठेवा. तुझ्या आईला घाटात मळमळते, तिला पुढची जागा मागून घे. ती स्वतः मागणार नाही. मी मोटारतळावर असेन. मला उन्हात उभी राहू नकोस म्हणून कोणी पत्र लिहू नये.

डोंगरात करवंदे तेव्हा पिकलेली असतील.

तुझी मावशी
दया

(ही चिठ्ठी वेगळी, घडी घातलेली. फक्त रोझीसाठी.)

तुझ्या पाकिटात निराळा चिटोरा होता तोही मिळाला. "तुमचा डाग खाजतो का? माझा थंडीत खाजतो. आईला सांगत नाही, तिला रडू येते."

खाजतो. ऊन उतरल्यावर जास्त. मुंबईच्या डॉक्टरांनी कोरडा ठेवा म्हणून सांगितले होते. कडूबाई म्हणाली, खोबरेल लावा. आठवडाभर मी डॉक्टरांचे ऐकले, मग तिचे. खोबरेलाने थांबतो. तेल आधी तळहातावर कोमट करायचे, मग बोटाच्या टोकाने लावायचे, चोळायचे नाही, आणि नखे कापलेली असली पाहिजेत. तू येशील तेव्हा आपण दोघी दार लावून लावू. बाटली मोठी आणली आहे.